सेवेसी विज्ञापना : चाकरीच्या अर्जाचा पूर्वेतिहास

नोकरीच्या शोधात निघालेला तरुण आज आपले नाव, शिक्षण, पूर्वीची कामे आणि अंगचे गुण एकदोन पृष्ठांत बसवून ज्या कागदाच्या बळावर अपरिचितांच्या दारी उभा राहतो, तो कागद इंग्रजी अमदानीबरोबर परदेशातून आला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे; आणि त्याचे आजचे नाव, त्याची मांडणी व त्यातील परिभाषा पाहता ती समजूत स्वाभाविकही आहे. परंतु स्वतःविषयी लिहावे, त्या लिहिण्याला पुरावा जोडावा आणि ज्याच्या हाती आपली उपजीविका आहे त्याच्यापुढे ते सादर करावे, ही रीत महाराष्ट्रात इंग्रजांच्या फार पूर्वीपासून रूढ होती, आणि तिच्या खुणा पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांत, जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या घरच्या कागदांत आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांनी पायपीट करून मिळविलेल्या साधनांत जागोजाग विखुरलेल्या आहेत. कोणत्या काळी माणसाला स्वतःविषयी काय सिद्ध करावे लागे, ते कोणाच्या साक्षीने सिद्ध होई आणि ते सिद्ध करण्याची मुभा मुळात कोणाला होती, हे त्या त्या काळच्या अर्जांतून जितके स्वच्छ दिसते तितके राजांच्या सनावळीतून दिसत नाही. म्हणूनच या विषयाकडे मी केवळ कुतूहलाने पाहू शकत नाही.

शिवपूर्वकाळापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रातील बहुसंख्य माणसांना चाकरीसाठी अर्ज करण्याचा प्रसंगच येत नसे, कारण काम हे मागावयाचे नसून जन्मतः प्राप्त व्हावयाचे असे. गावचा पाटील व कुलकर्णी, परगण्याचा देशमुख व देशपांडे, आणि गावगाड्यातील सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग हे सारे आपापल्या वतनाला बांधलेले होते. वतनाबरोबर हक्क येत, मानपान येत, जबाबदारीही येई. आणि वतनदाराचा मुलगा त्या कामास लायक आहे किंवा नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. या व्यवस्थेने गावे टिकवून धरली हे खरे. पण तिने कित्येकांच्या कपाळी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम, आणि तेही अपमानासहित, लिहून ठेवले, हे विसरून तिचे गुणगान करणे मला मान्य नाही. वतनदारांच्या बळाची जाणीव राज्यकर्त्यांनाही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्यांना राज्याचे वाटेकरीच समजून त्यांच्याविषयी सावध राहण्याचा उपदेश केलेला आहे.

मात्र जेथे हक्क वंशपरंपरेने चालतो तेथे तंटाही वंशपरंपरेने चालतो. एखादे घराणे दुष्काळात परागंदा व्हावे, त्याच्या गैरहजेरीत भाऊबंदाने किंवा मुतालिकाने वतन बळकावून बसावे आणि दोन पिढ्यांनंतर मूळ घराण्यातील कोणी परत येऊन आपला हक्क सांगू लागावे, हा प्रकार १६३० च्या भयंकर दुष्काळानंतर आणि पुढे मोगलांच्या धामधुमीत वारंवार घडला. असा तंटा दिवाणात आला म्हणजे अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे वादी व प्रतिवादी, अशा दोघांकडूनही लेखी हकीकत मागविली जाई, आणि या हकीकतीलाच करीना म्हणत. आपला मूळपुरुष कोण, तो कोठून आला, उजाड पडलेल्या गावासाठी कौल घेऊन त्याने वसाहत कशी केली, धामधुमीच्या दिवसांत कोण पळाले व कोण मागे राहिले, कोणत्या अंमलात कोणत्या हाकिमाच्या हातचा कागद मिळाला, तो कागद आज का सापडत नाही आणि सापडत नसल्यास त्याची माहिती असलेली वृद्ध माणसे कोणत्या गावी आहेत, हे सर्व क्रमवार सांगून करीना लिहिणारा आपला दावा उभा करी. मला तो आपल्याकडील स्वपरिचयलेखनाचा पहिला परिपक्व प्रकार वाटतो. मराठी बखरीची एक मुळी याच लेखनात रुजलेली आहे, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. आणि ते पटण्यासारखे आहे, कारण पूर्वजांची हकीकत सुसंगतपणे सांगण्याची गरज राजाला भासण्यापूर्वी ती पाटलाला भासलेली होती.

करीन्याचे खरे सामर्थ्य त्याच्या तपशिलात असे. आम्ही पराक्रमी आहो, आम्ही इमानी आहो, अशी विशेषणे कितीही रचली तरी सभेपुढे त्यांचा उपयोग नव्हता. कारण ज्या गोतापुढे करीना वाचला जाई त्या गोतात शेजारच्या गावचे पाटील, परगण्याचे वतनदार आणि बलुतेदार बसलेले असत, आणि सांगणाऱ्याच्या आज्याला ओळखणारा एखादा म्हातारा तरी त्यांत असेच. ज्याची पडताळणी होऊ शकेल असेच विधान तेथे टिके. गोताचा निर्णय ज्या महजरावर लिहिला जाई त्याच्याखाली पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी उमटे, देशमुखाची कट्यारीची, आणि अक्षरओळख नसलेले बलुतेदार आपापल्या हत्याराची आकृती काढून साक्ष घालीत. साक्षीपुराव्याने निकाल न लागल्यास दिव्य करण्याची पाळी येई, आणि तापलेल्या तेलातून धातूचा रवा काढण्यास वादी सिद्ध होई. उपजीविकेच्या हक्कासाठी हात पोळून घेण्यास तयार असलेल्या त्या माणसांचे कागद वाचताना, एका पृष्ठावरील काही ओळींना केवढे मोल असू शकते, याची जाणीव झाल्यावाचून राहत नाही.

वतनाच्या बाहेर जी चाकरी होती, म्हणजे सरकारातील लिहिण्याची, हिशेबाची, हेजिबीची आणि शिपाईगिरीची, तेथे मात्र माणूस निवडून घ्यावा लागे, आणि अर्जाचा दुसरा प्रवाह येथून निघतो. चिटणीस घराण्याच्या परंपरेत बाळाजी आवजींची जी कथा सांगितली जाते ती या दृष्टीने मननीय आहे. वडील आवजी हरी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत असताना त्याच्या रोषास बळी पडले, कुटुंब विकले जाण्याची पाळी येऊन राजापुरास आले, तेथे मामाने त्यांस सोडविले, आणि अशा अवस्थेत तरुण बाळाजीने शिवाजी महाराजांकडे स्वहस्ते पत्र लिहून आपली हकीकत कळविली. महाराजांना पत्रातील मजकुराइतकेच त्याचे अक्षर आवडले आणि त्यांनी त्यास आपल्या पदरी घेतले, अशी ती परंपरा आहे. तीत आख्यायिकेचा अंश किती हे इतिहासज्ञांनी ठरवावे. पण तिचे मर्म असे आहे की ज्या कामासाठी अर्ज करावयाचा त्या कामाचा नमुना म्हणजे तो अर्जच होता. मोडीचे वळण, ओळींची सरळ धाव, मजकुराचा मोजका बेत आणि मायन्याची अचूकता हे सारे त्या एका कागदात धन्याला दिसले. आजच्या काळातही चांगला अर्ज ओळखण्याची यापेक्षा भरवशाची खूण मला ठाऊक नाही.

अक्षराला तेव्हा जे महत्त्व होते त्याची कल्पना आज करणे कठीण जाते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला आहे. बोरू कसा तासावा, शाई कशी घोटावी, ओल्या अक्षरांवर वाळू केव्हा टाकावी, कागदाच्या बंदाची घडी किती राखावी, हे मुलाला घरी वडिलांच्या शेजारी बसून शिकावे लागे. आणि त्याच्या जोडीला, कोणास कोणता मायना लिहावा याचे जे शास्त्र मेस्तकांच्या पोथ्यांत सांगितलेले असे, तेही मुखोद्गत करावे लागे. वडिलांस आणि धन्यास लिहिताना ‘सेवेसी विज्ञापना’, बरोबरीच्यास ‘राजमान्य राजश्री’ व ‘विनंती उपरी’, आश्रितास नुसतेच आज्ञार्थी लेखन, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून आवरते घेणे, या मर्यादांत एखादी चूक झाली तर लिहिणाराचे अज्ञान पहिल्याच ओळीत उघडे पडे. या सर्व मायन्यांच्या आड माणसामाणसांतील उच्चनीचतेचा एक पक्का आराखडा होता, आणि अर्जदाराने आपली जागा त्यात कोठे आहे हे आधी मान्य केल्याखेरीज त्याच्या अर्जाला तोंडच फुटत नसे.

हे शिक्षण संपल्यावरही चाकरी लगेच मिळे असे नाही. शनिवारवाड्यातील हुजूर फडात, म्हणजे राज्याच्या सर्व हिशेबांचा अंतिम मेळ जेथे बसे तेथे, पेशवाईच्या भरभराटीत दोनशेहून अधिक कारकून काम करीत असत असे इतिहासकार सांगतात, आणि त्या फडाच्या कडेला मुशाहिऱ्याशिवाय राबणारे उमेदवार असत. उमेदवाराने यावे, जुन्या कारकुनाच्या हाताखाली बसावे, नकला कराव्यात, खर्डे उतरवावेत, रुमाल बांधावेत, आणि कोणाची जागा मोकळी होईल तेव्हा आपली आठवण धन्यास राहील अशा बेताने वागावे. हा अर्ज लिहून करावयाचा नसून वर्षानुवर्षे बसून करावयाचा होता. ज्याच्या घरी तोवर भाकरीची सोय असेल त्यालाच तो परवडे, आणि म्हणून कारकुनीच्या जागा त्याच त्या घरांत फिरत राहात. अमुक गृहस्थ लिहिणार चांगला आहे, भल्याचा लेक आहे, यास पोटास लावावे, अशा आशयाच्या शिफारशी तेव्हाच्या पत्रव्यवहारात पदोपदी भेटतात. त्या लिहिणारांत दयाळू माणसे पुष्कळ असतील. पण ज्याला शिफारस करणारा कोणी नाही त्याचे नाव त्या पत्रांत येण्याचा संभवच नव्हता.

शिपाईगिरीची तऱ्हा निराळी होती. शिलेदार आपला घोडा व हत्यार घेऊन येई, बारगिराला घोडा सरकारातून मिळे, आणि हजेरीच्या वेळी माणसाचे व जनावराचे वर्णन लिहून घेतले जाई, म्हणजे एकाच्या नावावर दुसरा उभा राहू नये. आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मामलतींची जी गत झाली ती तर सर्वांनाच ठाऊक आहे : जो अधिक रकमेची बोली करील त्याच्या पदरात मामलत पडू लागली, लायकीचा प्रश्नच उरला नाही, आणि बोलीची रक्कम अखेर रयतेच्या पाठीवर वळ उठवून वसूल झाली. अर्जाच्या इतिहासातील हे सर्वांत काळे पान आहे, कारण त्यात अर्जदाराने स्वतःविषयी काहीच सांगावयाचे नव्हते.

१८१८ मध्ये राज्य गेले. एल्फिन्स्टन साहेबाने पूर्वीच्या पद्धती एकाएकी मोडू नयेत असे धोरण ठेविल्यामुळे जुने कारकून, शिरस्तेदार, मामलेदार पुष्कळ अंशी कायम राहिले, आणि काही काळ मोडी कागदांचा ओघ नव्या धन्यांच्या नावे तसाच वाहत राहिला. पण नव्या सरकारचा पुराव्यासंबंधीचा आग्रह निराळ्या जातीचा होता. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जे अधिकार मिळाले त्यांच्या जोरावर दख्खनेतील इनामदारांना आपापल्या सनदा घेऊन हजर व्हावे लागले. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले होते किंवा जळले होते त्यांच्या साक्षीदारांचे शब्द आता पूर्वीसारखे पुरेनात. गोताच्या स्मृतीवर चालणारा पुरावा मागे पडून मोहोरबंद कागदाचा अंमल सुरू झाला, आणि पुढील शंभर वर्षांत नोकरी मागणाऱ्या प्रत्येक तरुणाला या बदलाची झळ लागली.

कारण लवकरच सनदेची जागा सर्टिफिकिटाने घेतली. १८३३ च्या सनदी कायद्याने धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांच्या कारणावरून कोणाही हिंदी माणसास कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये असे लिहून ठेवले, १८४४ मध्ये लॉर्ड हार्डिंज याने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी जागांत अग्रहक्क देण्याचा ठराव केला, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांच्या मागोमाग मॅट्रिक झालेल्यांची आणि खेड्यापाड्यांत व्हर्नाक्युलर फायनल झालेल्यांची जी रीघ लागली तिने अर्जाचे स्वरूप पालटून टाकले. मूळपुरुषाची हकीकत गेली, परीक्षेचे वर्ष व वर्ग आला. गोताचा महजर गेला, हेडमास्तरचे व साहेबाचे शिफारसपत्र आले. मायना मात्र राहिला. ‘सेवेसी विज्ञापना’ लिहिणारा हात आता स्वतःस ‘मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ म्हणवून घेऊ लागला, आणि ज्यांना इंग्रजी येत नव्हते त्यांच्यासाठी कचेरीच्या ओट्यावर अर्जनवीस मांडी ठोकून बसला. नम्रतेची भाषा बदलली तरी तिची मात्रा कमी झाली नाही, ही गोष्ट मला खेदाची वाटते.

शिक्षणाचा हेतूच कारकुनी मिळविणे असा होऊन बसला आहे, ही टीका तेव्हापासूनची आहे. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात लिहिलेल्या शतपत्रांत आपल्या लोकांच्या आळसावर व नोकरीच्या लालसेवर कडक ताशेरे ओढले. परंतु याहून मूलगामी प्रश्न जोतीराव फुल्यांनी विचारला. कचेऱ्यांत कारकून कोणत्या जातीचा आहे, शेतकऱ्याचा अर्ज कोण लिहितो, कोण वाचून दाखवितो आणि वाचून दाखविताना त्यातील काय गाळतो, हे त्यांनी ‘गुलामगिरी’त आणि ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये उघडे करून मांडले, आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, ती याच जाणिवेने. ज्याला लिहिता येत नाही त्याला स्वतःची लायकी सांगण्याचा मार्गच बंद असतो, आणि मग त्याच्याविषयी दुसरे जे लिहितील तेच सत्य ठरते, हे जोतीरावांइतके स्पष्टपणे त्या शतकात कोणी पाहिले नाही.

याच सुमारास एका अठरा वर्षांच्या मराठी मुलीने असा एक अर्ज लिहिला की ज्याच्या तोडीचा दुसरा त्या शतकात मिळणे कठीण. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस पोहोचल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागण्यासाठी त्यांनी तेथील अधिकाऱ्यांस पत्र लिहिले. गणितात आपली मजल कोठवर आहे, आपल्याला कोणत्या सात भाषा अवगत आहेत, हे त्यांनी सांगितले. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकत नाही हेही लपविले नाही. आणि आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण येथवर आलो तो निर्धारच आपल्याला पुढील काम तडीस नेण्यास उपयोगी पडेल, असा युक्तिवाद केला. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा करण्याचा हेतू त्यांनी शेवटी मांडला. या पत्रात याचना आहे, पण लाचारी नाही. उणीव सांगितली आहे, पण तिच्यापुढे मान खाली घातलेली नाही. वाचणारा कोण आहे, त्याला कशाची शंका येईल आणि त्या शंकेचे उत्तर आपल्या आयुष्यातील कोणत्या घटनेने देता येईल, याचा इतका अचूक विचार करणारी ती मुलगी त्यानंतर पुरती चार वर्षेही जगली नाही. १८८६ मध्ये तिला पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली, आणि ती जागा हाती घेण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास तिचा अंत झाला.

विसाव्या शतकातील पुढचा भाग पुष्कळांच्या आठवणीतला असल्यामुळे त्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगाराला कागदाची गरजच पडत नसे. गिरणीच्या दाराशी कामगार भरणारा जॉबर उभा असे, गाववाल्याची ओळख, आणि अनेकदा चिरीमिरी, हाच तेथे अर्ज होता, आणि १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आली ती जॉबरचा हा अंमल कमी करण्यासाठीच. कचेऱ्यांत टंकयंत्र आले आणि अक्षराचे वळण ही लायकी राहिली नाही. तिच्या जागी मिनिटास मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांचा वेग आला, आणि गावोगावच्या टंकलेखन वर्गांतून खटखटाट ऐकू येऊ लागला. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये रोजगार विनिमय कार्यालये उघडली, १९५९ च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांना रिकाम्या जागा तेथे कळविणे बंधनकारक झाले, आणि नाव नोंदवून कार्डाचे नूतनीकरण करीत राहणे हा सुशिक्षित बेकाराच्या आयुष्यातील एक नेम होऊन बसला. जुन्या उमेदवारीप्रमाणेच येथेही वाट पाहण्याची ताकद ज्याच्यात अधिक तो टिके. एक गोष्ट येथे नोंदवून ठेवावीशी वाटते. ज्या कागदाला नोकरीच्या व्यवहारात बायोडाटा म्हणत त्याच नावाचा व त्याच ठेवणीचा कागद आपल्याकडे विवाहाच्या वाटाघाटींत फिरू लागला, आणि त्यात मूळपुरुष, कुळी, गोत्र व मूळ गाव हे सारे पुन्हा दाखल झाले. नोकरीच्या अर्जातून निघून गेलेला करीना अशा रीतीने घरात जिवंत राहिला.

ज्या अर्जांपाशी मी बुद्ध्याच शेवटी आलो ते एकट्यादुकट्याचे नव्हते; पण त्यांच्याकडे वळण्यापूर्वी एका हुकुमाची गोष्ट सांगावी लागते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी, स्वतः विलायतेत असताना, संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात असा हुकूम काढला आणि खातेप्रमुखांकडून त्याच्या अंमलाची तिमाही पत्रके मागविली. ते गादीवर आले त्या १८९४ साली दरबारच्या ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या, अशी नोंद आहे. १९१२ पर्यंत ९५ पैकी ३५ असे प्रमाण झाले. हुकुमाने अर्जदाराची पात्रता बदलली नाही. ज्याचा अर्ज पूर्वी वाचलाच जात नव्हता त्याचा अर्ज वाचणे भाग पाडले. पुढे १९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतने नष्ट करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा गावच्या दफ्तराची जागा जन्माने मिळण्याचे थांबून प्रथमच मागून मिळू लागली.

पण ज्यांच्यासाठी असा कोणी राजा नव्हता त्यांनी काय केले? कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती पहिल्यापासून होत होती, त्यांतले कित्येक हवालदार, जमादार, सुभेदार या पदांपर्यंत चढले होते, आणि पलटणींतील शाळांमुळे त्यांच्या घरांत अक्षरज्ञान आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड रॉबर्ट्स आदींच्या लढाऊ जातींच्या कल्पनेने लष्कराच्या धोरणात जोर धरला आणि ही भरती बंद झाली. एका फटकाऱ्यासरशी एका समाजाची नोकरी, निवृत्तिवेतन आणि शाळा ही तिन्ही गेली. तेव्हा दापोलीच्या निवृत्त सैनिकांच्या वस्तीतील गोपाळबाबा वलंगकर यांनी अनार्य दोष परिहार मंडळाच्या वतीने सरकारास सादर करण्यासाठी विनंतीअर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, यांनी अशाच अर्जाच्या कामी न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य घेतले होते, असे चरित्रकार सांगतात. विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एकाची लेखणी अशा कागदासाठी चालली असेल तर तिचे ते सार्थक होते. त्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ च्या सुमारास सासवडला ५१ गावांतील महारांची सभा भरवून मुंबई सरकारकडे अर्ज पाठविला; तो फेटाळला गेला, तेव्हा १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या परिषदेने थेट विलायतेस, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे दाद मागितली.

त्या अर्जाची मागणी वाचताना मन भरून येते. मोठे राजकीय हक्क आम्ही मागत नाही, सरकारी नोकरीच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर, पोलिसात आणि फौजेत शिपाई म्हणून आम्हांस घ्यावे, एवढेच त्यात मागितलेले आहे, आणि त्यासाठी पूर्वजांनी केलेल्या सेवेचा दाखला पुढे ठेवला आहे. जन्म हीच ज्यांच्याविरुद्धची हरकत होती त्यांनी कर्म पुढे केले. ज्या करीन्यात मूळपुरुषाच्या बळावर गाव मागितले जाई त्याचीच भाषा येथे वापरलेली आहे, पण गाव मागण्यासाठी नव्हे, तर गावकुसाबाहेर निघण्यासाठी. त्यांच्या बाजूचा सर्वांत टणक पुरावा भीमेकाठी कोरेगाव येथे उभा होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत, आणि त्यांत ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महार सैनिकांची, नावे अनेक आहेत.

विलायतेकडील अर्जालाही तत्काळ यश आले नाही. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभी केली गेली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुढची वीस वर्षे मागणी चालूच राहिली. दुसऱ्या महायुद्धात व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर बाबासाहेबांची नेमणूक झाल्यावर त्यांनी ती तेथे लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, आणि तिच्या शिपायांच्या टोपीवरील बिल्ल्यावर जे चिन्ह घडविण्यात आले ते कोरेगावच्या स्तंभाचे होते.